आफ्रिकन सिक्लिडचा घरगुती जोडधंदा : पिल्ले काढणे सोपे, जात राखणे कठीण

मीरा रोडच्या नया नगरात काय किंवा भाईंदरच्या जुन्या इमारतींत काय, दहा घरांत गेलात तर एखाद्या घरी तरी काचेची टाकी दिसतेच. पूर्वी तीत गोल्डफिश किंवा एंजल असत. आता निळे, पिवळे, नारिंगी असे चपळ मासे जास्त दिसू लागले आहेत. दुकानदार त्यांना ‘आफ्रिकन सिक्लिड’ म्हणतो. हे मासे घरच्या टाकीत सहज पिल्ले देतात, ही बातमी एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि मग प्रश्न येतो, “शेठ, भरतकामाचे काम कमी झाले आहे. घरी दोन टाक्या टाकून हा धंदा करावा काय?” हा प्रश्न आम्हाला कारीगर मंडळींकडून वरचेवर विचारला जातो. आम्ही कापडाचे व्यापारी, पण टाकी आमच्याही घरात आहे आणि कुर्ल्याच्या बाजारात आमचे जाणे-येणे आहे. म्हणून ह्या पानावर ह्या मालाची माहिती देणे आम्हाला योग्य वाटते.

प्रथम हा जिन्नस कुठला ते पाहू. पूर्व आफ्रिकेत तीन मोठी सरोवरे आहेत : मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया. टांगानिकाची खोली सुमारे 1,470 मीटर आहे. मलावी सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून अधिक लांब असून त्यात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत. त्यातील बहुतेक जाती जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. आपल्या बाजारात येणारे बहुतेक रंगीत सिक्लिड मलावीचे आहेत. इलेक्ट्रिक यलो, रेड झेब्रा, केनी, डेमासोनी, पीकॉक, वेनुस्टस ही नावे दुकानात ऐकू येतात ती ह्याच सरोवराची. डोक्यावर टेंगूळ येणारा पट्टेदार फ्रंटोसा मात्र टांगानिकाचा.

हे मासे परके वाटले तरी त्यांचे नातेवाईक आपल्या ताटात आहेत. बाजारात मिळणारी चिलापी म्हणजेच तिलापिया, हीही आफ्रिकन सिक्लिडच. तिची मोझांबिक जात 1952 साली भारतात आणली गेली आणि आज ती तळ्या-तलावांतून सर्वत्र पसरली आहे. कोकण-गोव्याच्या खाडीतला काळुंदर, ज्याला केरळात करीमीन म्हणतात, तो तर आपल्याच देशातला सिक्लिड.

आता कामाची गोष्ट, पाणी. रंगाऱ्याला जसे पाणी आधी पाहावे लागते तसेच इथेही आहे. मलावीचे पाणी जड आणि अल्कलीयुक्त आहे. त्याचा पी.एच. साधारण 7.7 ते 8.6 असतो, टांगानिकाचा त्याहून थोडा जास्त. मीरा-भाईंदरला नळाचे पाणी येते ते स्टेम प्राधिकरण आणि एम.आय.डी.सी.कडून, म्हणजे मुख्यतः उल्हास नदीच्या बाजूचे. हे पाणी हलके, त्यात साबणाला फेस चांगला येतो. गप्पीला किंवा एंजलला ते चालते, सिक्लिडला त्यात चुना-क्षाराची भर घालावी लागते. आर.ओ.चे पाणी तर मुळीच नको, त्यात क्षार जवळजवळ राहतच नाहीत.

काही जण म्हणतात, आमच्या सोसायटीला बोअरिंग आहे, ते पाणी जड आहे, मग फुकटात काम झाले. इथे सावध राहावे. आपला भाग खाडी आणि मिठागरांचा. इथल्या पुष्कळ बोअरिंगचे पाणी जड असते त्याबरोबर खारेही असते. जडपणा आणि खारेपणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मलावीचे पाणी गोडे आहे, त्यात मिठाचा अंश फार थोडा. तेव्हा बोअरिंगचे पाणी आधी जिभेवर पाहावे, मग टी.डी.एस. मीटरने आणि पी.एच.च्या थेंबांनी तपासावे. खारट लागले तर टाकीत घेऊ नये.

नळाचे पाणी जड करणे अवघड नाही. तळाला संगमरवराची बारीक खडी किंवा स्वच्छ धुतलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा टाकला की ते हळूहळू विरघळून पी.एच. धरून ठेवतात. पाणी बदलताना थोडा खाण्याचा सोडा घालण्याचीही पद्धत आहे, पण मोजून आणि हळूहळू, एकदम नाही. दुकानात कोणी पांढरे प्रवाळ दाखवले तर घेऊ नये. 2001 पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शोभेपायी कायद्याच्या भानगडीत पडण्यात कसली आली हुशारी?

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते घालवण्यासाठी पाणी एक दिवस उघडे ठेवावे आणि हवा सोडावी, किंवा हायपोचे खडे वापरावेत. फोटोग्राफर पूर्वी वापरत तोच हा हायपो.

टाकी किती मोठी घ्यावी? चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, ह्यापेक्षा लहान टाकीत मलावीच्या माशांचा कळप ठेवू नये असे आमचे मत आहे. ह्या मापाचे नऊ घनफूट होतात, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे 255 लिटर पाणी. काच, दगड आणि स्टँड धरून वजन तीनशे किलोच्या पुढे जाते. जुन्या इमारतीत, त्यातही गॅलरीच्या पुढे आलेल्या भागात असे वजन ठेवू नये. भिंतीच्या आणि बीमच्या जवळ ठेवावे आणि टाकीखाली थर्माकोलचा सपाट तुकडा घालावा. खालच्या मजल्यावर पाणी झिरपले तर धंद्याच्या आधी भांडण सुरू होते.

दगडांना पैसे घालू नयेत. आपल्या डोंगरांतला काळा दगड उत्तम, तो पाण्यात काही सोडत नाही. स्वच्छ घासून, एकावर एक रचून कपारी तयार कराव्यात. मात्र दगड आधी तळाच्या काचेवर नीट बसवावेत आणि रेती नंतर टाकावी. हे मासे खड्डे खणतात. रेतीवर रचलेला ढीग एखाद्या रात्री कोसळला तर काच गेली आणि मासेही गेले.

नव्या टाकीत पहिल्याच दिवशी महागडे मासे सोडण्याची घाई पुष्कळांना नडते. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो खाऊन संपवणारे जंतू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. सिक्लिडच्या बाबतीत हा धोका दुप्पट समजावा, कारण पाणी जितके अल्कलीयुक्त तितका तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. तेव्हा आधी दोन-चार स्वस्त, काटक मासे ठेवून टाकी पिकू द्यावी. पिकलेल्या टाकीचा स्पंज कोणी दिला तर काम लवकर होते. पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. फिल्टर नळाखाली धुऊ नये, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा, नाही तर क्लोरीनने ते जंतू मरतात. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच. मे महिन्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी राहतो, आणि त्या वेळी दोन तास वीज जाणे भरलेल्या टाकीला भारी पडते. हीटरची गरज आपल्याकडे थंडीचे एक-दोन महिनेच.

स्वभावाने हे मासे तापट. मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या गटाला तिथले लोक ‘म्बुना’ म्हणतात. त्यातला प्रत्येक नर आपली कपार राखतो आणि दुसऱ्याला मारून पळवतो. म्हणून एक नर आणि त्याच्यामागे चार-पाच माद्या असे प्रमाण ठेवावे, म्हणजे एकाच मादीचा छळ होत नाही. टाकीत चार मासे ठेवले तर एक जण बाकीच्या तिघांना मारतो, पंधरा-वीस असले तर मार वाटला जातो. मात्र गर्दी वाढवली की फिल्टरही त्या मानाने मोठा हवा.

म्बुनाच्या खाण्याकडे लक्ष द्यावे. हे मासे दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारे, त्यांचे आतडे लांब असते. त्यांना गटारातले लाल किडे किंवा मांस घातले तर पोट फुगण्याचा रोग होतो आणि चांगला मासा तीन-चार दिवसांत जातो. स्पिरुलिना असलेले खाद्य, उकडून सोललेला मटार, पालकाचे पान, एवढे पुरेसे आहे. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच.

आता वंशवाढ. मलावीच्या माशांची रीत निराळी आहे. मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलते. नराच्या खालच्या परावर अंड्यासारखे पिवळे ठिपके असतात. मादी त्यांना अंडी समजून टिपायला जाते आणि त्या वेळी नराचे बीज तिच्या तोंडात जाते, अंडी तिथेच फळतात. नंतर सुमारे तीन आठवडे ती अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते आणि ह्या काळात जवळजवळ काही खात नाही. गळ्याखाली फुगलेला भाग आणि खाद्याकडे पाठ, ह्यावरून ती ओळखावी.

मोठ्या टाकीत पिल्ले सोडली तर बाकीचे मासे ती खाऊन टाकतात. म्हणून पंधरा-सोळा दिवस झाले की मादीला हळूच वेगळ्या लहान टाकीत न्यावे. तीत एक मडक्याचा तुकडा आणि पिकलेला स्पंज फिल्टर असावा. पिल्ले सोडल्यावर मादीला चार-पाच दिवस तिथेच खाऊ घालून मग परत सोडावे, अशक्त मादी कळपात टिकत नाही. जाणकार लोक ओल्या हातात मादी धरून तिच्या तोंडातून पिल्ले काढून घेतात. नव्या माणसाने ह्या फंदात पडू नये. पिल्ले जन्मतःच इतर माशांपेक्षा मोठी असतात, बारीक केलेले खाद्य ती पहिल्या दिवसापासून खातात. आर्टेमियाची ताजी पिल्ले दिली तर वाढ अधिक चांगली. इलेक्ट्रिक यलोची मादी एका वेळी साधारण दहा ते पंचवीस पिल्ले देते, झेब्रा त्याहून अधिक.

इथपर्यंत सर्व सोपे आहे. टाकी पिकलेली असली आणि पाणी बरोबर असले तर पिल्ले तुम्ही काढाल ह्यात शंका नाही. खरा धंदा ह्याच्या पुढे आहे.

मलावीच्या ह्या जाती सरोवरात शेजारी शेजारी राहूनही एकमेकींत मिसळत नाहीत, कारण मादी आपल्याच रंगाचा नर निवडते. काचेच्या टाकीत मात्र निवडच नसते. आपल्या जातीचा नर नसेल किंवा मार खाऊन कोपऱ्यात बसला असेल तर मादी दुसऱ्या जातीच्या नराबरोबर जाते आणि मिश्र पिल्ले होतात. व्हिक्टोरिया सरोवराबाबत 1997 साली शास्त्रज्ञांनी एक गोष्ट प्रसिद्ध केली. जिथे पाणी गढूळ झाले तिथे माद्यांना नराचा रंग नीट दिसेना आणि जाती एकमेकींत मिसळू लागल्या. कापडवाल्याला हे चटकन समजेल. आम्ही शेड पाहताना तागा दुकानाच्या दिव्याखाली पाहत नाही, बाहेर उजेडात नेऊन पाहतो. अंधारात दोन लॉट एकच दिसतात.

बाजारात ‘मिक्स सिक्लिड’ म्हणून जी लहान लहान रंगीत पिल्ले मिळतात ती बहुतेक अशीच. पाहायला छान, घरात ठेवायला काही हरकत नाही, पण त्यांच्यापासून वंश घेऊ नये. हा माल चेन्नईच्या कोळत्तूर भागातून आणि कोलकाता-हावड्याकडून मोठ्या प्रमाणावर येतो. तिथे सिमेंटच्या हौदांवर हौद आहेत आणि अनेक कुटुंबे ह्याच धंद्यात आहेत. त्यांच्या भावाशी मीरा रोडच्या एका खोलीतला माणूस टक्कर देऊ शकत नाही. कट-पीस विकणाऱ्याने मिलच्या भावाशी स्पर्धा करावी असे ते होईल. आपल्याला जागा आहे ती एकाच ठिकाणी : एक जात, शुद्ध, आई-बापाची नोंद असलेली, आणि सांगितले तेच निघणारी. अशा मालाला गिऱ्हाईक थोडे, पण ते भाव देते आणि पुन्हा येते.

ह्यासाठी एका टाकीत एकच जात ठेवावी, निदान एका गटातल्या दोन जाती एकत्र ठेवू नयेत. पीकॉकच्या निरनिराळ्या जातींच्या माद्या सगळ्या करड्या, जाणकारालाही ओळखू येत नाहीत. त्या मिसळल्या की पुढचा हिशेबच संपला. केनीत उलटा प्रकार आहे. मादी निळी पट्टेदार आणि नर मोठा झाला की पिवळा. नवा माणूस पिवळा नर पाहून तो इलेक्ट्रिक यलो समजतो आणि यलोच्या माद्यांबरोबर ठेवतो. एक साधी वही ठेवावी : मासे कोणाकडून आणले, कोणत्या तारखेला, कोणत्या मादीने पिल्ले कधी सोडली. दर दोन पिढ्यांनी दुसऱ्या ठिकाणचा नर आणावा, भावा-बहिणींतून सतत वंश घेतला तर वाढ खुंटते आणि अंगात दोष येतात.

माल घेतानाही तीच नजर हवी. दीड इंचाचे पीकॉक, आणि सर्वांना एकसारखा भडक रंग, असे दिसले तर हात आखडता घ्यावा. पीकॉकचे नर सहसा त्याहून मोठे झाल्यावर रंगतात आणि माद्या रंगतच नाहीत. खाद्यात हार्मोन घालून रंग आणण्याची चाल ह्या धंद्यात आहे. घरी आणल्यावर काही आठवड्यांत रंग उतरतो, आणि अशा माद्या वंशाला उपयोगी पडतील ह्याचा भरवसा नसतो. कच्च्या रंगाचे कापड पहिल्या धुण्यात जसे बोलते, तसेच हे. विकणाऱ्यानेही मिश्र माल मिश्र म्हणूनच विकावा. मालातला दोष लपवून विकू नये हे आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको.

लाटेच्या मागे धावणाऱ्यांनी फ्लॉवरहॉर्न आठवावा. हा अमेरिकन सिक्लिडांच्या संकरातून मलेशियात 1990च्या दशकात तयार झालेला मासा. डोक्यावरचा फुगा शुभ असतो अशी समजूत पसरवली गेली आणि पुढच्या दशकात मुंबईतही लोकांनी एकेका नगाला मोठाल्या रकमा मोजल्या. मग घराघरातून पिल्ले निघाली, फुगा न आलेले मासे कोणी फुकटही घेईना आणि भाव कोसळले. शेवटी ज्यांनी माल भरला त्यांच्या हाती टाक्याच राहिल्या.

आता नफा-तोटा. इलेक्ट्रिक यलोचा एक नर आणि पाच माद्या असा संच धरा. समजा, त्यातल्या चार माद्यांनी दोन महिन्यांत एकेकदा पिल्ले दिली आणि प्रत्येकीला पंधरा झाली, तर साठ नग. मर आणि निवडीत गेलेली वजा करता चाळीस विकण्याजोगी. ती एक-दीड इंचाची होण्यास साधारण तीन महिने लागतात, तोवर पुढची पिल्ले आलेली असतात. म्हणजे मोठ्या टाकीशिवाय वाढीसाठी आणखी दोन टाक्या हव्यात. महिन्याला सरासरी वीस नग हातात येतील. फिल्टर आणि हवेचा पंप मिळून 25 वॅट चोवीस तास आणि 20 वॅटचा दिवा आठ तास चालला तर एका टाकीला महिन्याला सुमारे 23 युनिट वीज लागते. तीन टाक्यांचा हिशेब त्याप्रमाणे करावा, त्यात खाद्य आणि औषध मिळवावे. मग रविवारी सकाळी कुर्ला पश्चिमेच्या शोभिवंत माशांच्या बाजारात जाऊन घाऊक दुकानदार ह्या जातीला, ह्या मापाला नगामागे काय देतो ते स्वतः विचारावे. गिऱ्हाईकाला लावलेला किरकोळ भाव धरून हिशेब करू नये. ह्या वीस नगांवर घर चालणार नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. टाकीचा खर्च निघून वर मुलांच्या शिकवणीचे पैसे निघाले तर धंदा बरा चालला म्हणायचे. काम सुटलेल्या कारीगराने घरातला दागिना मोडून एकदम दहा टाक्या लावू नयेत. एक टाकी, एक जात, एक वर्ष, आणि ह्या काळात हातातले काम सोडू नये.

विक्रीच्या आदल्या दिवशी पिल्लांना उपाशी ठेवावे, म्हणजे पिशवीतले पाणी घाण होत नाही. दादरला गाडी बदलून कुर्ल्याला जाईपर्यंत प्राणवायू भरलेल्या पिशवीत ती सुखरूप राहतात. गर्दीच्या वेळेची गाडी मात्र टाळावी.

निवडीत बाजूला काढलेली आणि मिश्र पिल्ले तळ्यात किंवा नाल्यात सोडू नयेत. काही मंडळींना ते पुण्याचे काम वाटते, पण चिलापीने आपल्या तलावांत काय केले ते कोळी बांधवांना विचारावे. अशी पिल्ले दुकानदाराला ‘मिक्स’ म्हणून द्यावीत, तो थोडेफार तरी देतो.

ज्यांच्याकडे गावी किंवा उत्तनसारख्या भागात अंगण आहे आणि धंदा वाढवण्याचा विचार आहे, त्यांनी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेची चौकशी करावी. 2020 साली केंद्र सरकारने आणलेल्या ह्या योजनेत शोभिवंत माशांच्या घरगुती युनिटचा खर्च 3 लाख रुपये धरून सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिलांना व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अर्थसाहाय्य ठेवले गेले. मुदत आणि अटी बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या ठाणे जिल्हा कार्यालयात विचारावे. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत शोभिवंत माशांच्या प्रशिक्षणाबद्दलही माहिती मिळू शकेल. दोन्हीकडे जाताना आपली नोंदवही बरोबर न्यावी.